काळ्या डोक्याचा भारीट : स्थलांतर, दिवसमान आणि दख्खनचे माळरान

गोषवारा

काळ्या डोक्याचा भारीट हा आग्नेय युरोप व पश्चिम आशियात वीण करणारा आणि हिवाळ्यात पश्चिम व मध्य भारतात येणारा लहान गाणारा पक्षी आहे. महाराष्ट्रात त्याचा उल्लेख सामान्यतः 'हिवाळी पाहुणा' असा केला जातो. प्रस्तुत लेखात या पक्ष्याचे जीवनचक्र, स्थलांतराची दिशा, शरीरांतर्गत कालमापनाची यंत्रणा आणि दख्खनच्या ज्वारी-माळरानाशी असलेला संबंध यांचा परामर्श घेण्यात आला आहे. वर्षातील निम्म्याहून अधिक काळ भारतात घालविणाऱ्या आणि पुढील विणीची शारीरिक तयारी येथेच करणाऱ्या या पक्ष्यास केवळ पाहुणा मानणे अपुरे आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : भारीट, स्थलांतर, दीप्तिकालिता, माळरान, रब्बी ज्वारी.

१. प्रस्तावना

पक्ष्यांच्या स्थलांतराचा विषय निघाला की फ्लेमिंगो, क्रौंच, बदके अशा मोठ्या व पाणथळ जागी सहज दिसणाऱ्या पक्ष्यांची आठवण प्रथम होते. उजनी, जायकवाडी किंवा नांदूर-मधमेश्वर येथे हिवाळ्यात होणारी अभ्यासकांची गर्दी याची साक्ष देते. तथापि, स्थलांतर करून येणाऱ्या पक्ष्यांचा एक मोठा वर्ग पाण्याकडे न जाता कोरडी माळराने, पडीक जमिनी आणि ज्वारी-बाजरीची शेते यांच्या आश्रयास येतो. या वर्गातील पक्षी आकाराने लहान, थव्याने राहणारे आणि बहुधा मातकट रंगाचे असल्याने ते दुर्लक्षित राहतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते 'पाखरे' असतात आणि प्रवाशाच्या दृष्टीने चिमण्या.

काळ्या डोक्याचा भारीट हा या वर्गाचा उत्तम प्रतिनिधी होय. जेमतेम २५ ते ३० ग्रॅम वजनाचा हा पक्षी दरवर्षी सुमारे ५,००० ते ६,००० किलोमीटरचे अंतर एका दिशेने पार करतो. त्याच्या शरीरातील कालमापनाच्या यंत्रणेवर भारतीय प्रयोगशाळांत गेल्या काही दशकांत मोलाचे संशोधन झाले आहे. असे असूनही ज्या माळावर तो उतरतो, त्या माळालगतच्या महाविद्यालयांतही त्याची ओळख फारशी नसते. ही ओळख करून देणे आणि त्या निमित्ताने माळरानाच्या प्रश्नाकडे लक्ष वेधणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. वर्गीकरण आणि स्वरूप

या पक्ष्याचे शास्त्रीय नाव एम्बेरिझा मेलॅनोसेफॅला असे असून निसर्गवैज्ञानिक जोव्हान्नी अंतोनिओ स्कोपोली यांनी १७६९ मध्ये त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. 'मेलॅनोसेफॅला' या ग्रीक मूळ असलेल्या शब्दाचा अर्थ 'काळ्या डोक्याचा' असाच आहे. भारीट कुळातील पक्ष्यांची चोच शंकूच्या आकाराची व बळकट असते. तृणबीजांचे टरफल फोडून आतील दाणा काढण्यासाठी अशी चोच अत्यंत सोयीची ठरते.

विणीच्या हंगामातील नर सहज ओळखता येतो. त्याचे डोके काळेभोर, पाठ तांबूस-तपकिरी आणि गळ्यापासून शेपटीच्या बुडापर्यंतचा खालचा भाग गर्द पिवळा असतो. मादी मात्र फिकट मातकट रंगाची असून तिच्या शेपटीखालील भागावर पिवळसर छटा असते. हिवाळ्यात नराच्या डोक्यावरील काळा रंग पिसांच्या करड्या-तपकिरी कडांमुळे झाकोळला जातो. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये दिसणारा नर आणि मार्चमध्ये दिसणारा नर हे दोन भिन्न पक्षी असल्याचा भास होऊ शकतो.

या पक्ष्याचा निकटचा आप्त म्हणजे लाल डोक्याचा भारीट. तो मध्य आशियात वीण करतो व हिवाळ्यात भारतातच येतो. उत्तर इराणमध्ये या दोन्ही जातींचे विणीचे प्रदेश एकमेकांस भिडतात आणि तेथे त्यांचा संकर झाल्याचेही आढळले आहे. दोन्ही जातींच्या माद्यांमधील फरक इतका सूक्ष्म असतो की अनुभवी निरीक्षकही बाह्य लक्षणांवरून निश्चित निर्णय देण्याचे टाळतात.

३. विणीचा प्रदेश आणि कौटुंबिक जीवन

इटली, बाल्कन देश व ग्रीसपासून तुर्कस्तान, कॉकेशस आणि इराणपर्यंतचा पट्टा हा या पक्ष्याचा विणीचा प्रदेश होय. विरळ झुडपांची उघडी जमीन, द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा आणि धान्यशेतीच्या कडेची कुंपणे अशा ठिकाणी तो राहतो. घनदाट अरण्य त्यास मानवत नाही.

एप्रिलच्या अखेरीस व मे महिन्यात पक्षी या प्रदेशात पोहोचतात. नर काही दिवस आधी येतात आणि झुडपाच्या शेंड्यावर किंवा तारेवर बसून गायनाद्वारे आपली हद्द जाहीर करतात. मागाहून आलेली मादी जमिनीलगतच्या झुडपात वाळलेल्या गवताच्या काड्यांचे वाटीसारखे घरटे बांधते. त्यात सामान्यतः चार ते पाच फिकट हिरवट-निळसर, ठिपकेदार अंडी असतात. उबवणीचे काम मादी करते व सुमारे १३ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पुढील दहा दिवसांच्या सुमारास, नीट उडता येण्यापूर्वीच, ती घरटे सोडून आजूबाजूच्या झुडपांत विखुरतात. जमिनीलगतच्या घरट्यास साप, उंदीर व मांजर यांचा धोका असल्याने हे लवकर विखुरणे उपकारक ठरते.

प्रौढ पक्ष्याचा वर्षभराचा मुख्य आहार बियांचा असला तरी पिल्लांचे संगोपन नाकतोडे, अळ्या व भुंगे यांच्यावर होते. वाढत्या शरीरास लागणारी प्रथिने कीटकांतूनच मिळतात. पिल्ले स्वावलंबी होताच, जुलैच्या उत्तरार्धापासून पक्षी परतीच्या वाटेस लागतात. म्हणजेच विणीच्या प्रदेशात त्यांचा मुक्काम जेमतेम तीन महिन्यांचा असतो.

४. आफ्रिकेऐवजी भारत

युरोपात वीण करणारे बहुसंख्य कीटकभक्षी व गाणारे लहान पक्षी हिवाळ्यात दक्षिणेस, म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरात किंवा आफ्रिकेत जातात. काळ्या डोक्याचा भारीट मात्र पूर्व व आग्नेय दिशा धरतो. तुर्कस्तान, इराण व पाकिस्तान ओलांडून तो राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात पसरतो. युरोपीय पक्ष्यांत ही दिशा अपवादात्मक आहे. भोरडी म्हणजेच गुलाबी मैना याच दिशेने येते. भोरडीचे थवे आणि भारिटांचे थवे दख्खनमध्ये अनेकदा एकाच शिवारात दिसतात.

दक्षिणेची आफ्रिका जवळ असता पूर्वेकडील लांबचा मार्ग का पत्करला जातो, याचे स्पष्टीकरण जातीच्या प्राचीन प्रसारात शोधले जाते. एखादी जात पूर्वेकडून हळूहळू पश्चिमेकडे पसरत गेली, तरी तिची हिवाळी ठिकाणे जुनीच राहतात आणि प्रत्येक पिढी पूर्वजांच्या प्रसाराचा मार्ग उलट दिशेने चालत राहते. स्थलांतराची दिशा बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्याने ती सहजासहजी बदलत नाही. भारताचा ज्वारी-बाजरीचा कोरडा पट्टा हिवाळ्यात बियांनी समृद्ध असल्याने ती बदलण्याचे कारणही निर्माण झाले नसावे.

५. दिवसमान आणि शरीरातील घड्याळ

परतीची वेळ झाल्याचे पक्ष्यास कसे उमगते, हा प्रश्न येथे मूलभूत आहे. सोलापूरच्या माळावर मार्च महिन्यात असलेल्या पक्ष्यास तुर्कस्तानातील बर्फ वितळल्याची वार्ता मिळण्याचा कोणताही मार्ग नसतो. तापमान व पाऊस हे घटक वर्षागणिक बदलतात. काटेकोरपणे पुनरावृत्त होणारी गोष्ट एकच, ती म्हणजे दिवसाची लांबी. दिवसमानाच्या आधारे जीवनातील हंगामी घडामोडींचे नियमन होण्याच्या या क्रियेस 'दीप्तिकालिता' असे म्हणतात.

कॅनडातील शास्त्रज्ञ विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात या विषयाचा पाया घातला. कडाक्याच्या हिवाळ्यात पिंजऱ्यातील जंको पक्ष्यांना कृत्रिम प्रकाश देऊन दिवस लांबविला असता त्यांची जननग्रंथी वाढीस लागते, हे त्यांनी दाखविले. थंडी कायम असूनही ही वाढ झाल्याने तापमानापेक्षा दिवसमानाचे महत्त्व सिद्ध झाले. पुढे भारतात वाराणसी, लखनौ व दिल्ली येथील विद्यापीठांतील संशोधकांनी काळ्या डोक्याच्या भारिटावर दीर्घकाळ प्रयोग केले. त्यामुळे हा पक्षी दीप्तिकालितेच्या अभ्यासात एक प्रमाण नमुना ठरला.

या प्रयोगांचे सार पुढीलप्रमाणे सांगता येईल. आठ तासांचा लहान दिवस दिला असता पक्ष्याचे वजन व जननग्रंथी स्थिर राहतात. दिवसाची लांबी सुमारे १२ तासांची मर्यादा ओलांडू लागली की प्रतिसाद सुरू होतो. पक्षी नेहमीपेक्षा खूप अधिक खाऊ लागतो, त्वचेखाली व पोटात चरबी साठते आणि काही आठवड्यांत वजन तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक वाढते. नराची जननग्रंथी आकारमानाने शेकडो पटींनी मोठी होते. चरबीच्या एका ग्रॅममधून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पिष्टमय पदार्थांच्या तुलनेत ही दुपटीहून अधिक असल्याने लांब उड्डाणासाठी चरबी हेच सर्वांत हलके इंधन ठरते.

याच काळात एक लक्षणीय बदल घडतो. एरवी रात्री शांत झोपणारा हा दिनचर पक्षी पिंजऱ्यात रात्रभर पंख फडफडवू लागतो. स्थलांतर रात्री होत असल्याचे हे द्योतक असून यास 'स्थलांतरकालीन अस्वस्थता' असे म्हणतात. ही अस्वस्थता शरीरातील सुमारे २४ तासांच्या अंतर्गत घड्याळाच्या नियंत्रणाखाली असते, हे लखनौ येथील संशोधकांनी २००६ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात मांडले.

दिवस मोजण्याची रीतही उद्बोधक आहे. पक्षी प्रकाशाच्या तासांची निव्वळ बेरीज करीत नाही. त्याच्या अंतर्गत घड्याळात दररोज एक प्रकाशसंवेदी कालखंड येतो. पहाटेपासून मोजल्यास तो बऱ्याच तासांनी सुरू होतो. हिवाळ्यात त्या वेळी अंधार झालेला असतो. वसंतात मात्र सूर्यप्रकाश त्या कालखंडापर्यंत पोहोचतो. म्हणूनच लहान दिवस देऊनही रात्रीच्या योग्य वेळी थोडा प्रकाश पाडला, तर पक्ष्याचे शरीर लांब दिवस असल्याप्रमाणे प्रतिसाद देते. विशेष म्हणजे ऋतुज्ञानासाठी लागणारा हा प्रकाश पक्षी मुख्यत्वे डोळ्यांनी टिपत नाहीत. कवटीतून झिरपणारा प्रकाश मेंदूतील प्रकाशग्राही पेशी टिपतात आणि हायपोथॅलॅमस व पियुषिका ग्रंथीमार्फत जननग्रंथींना संदेश जातो.

पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा, तर सर्वांत मोठा सुमारे १३ तास १५ मिनिटांचा असतो. तुर्कस्तानच्या मध्यभागी हाच सर्वांत मोठा दिवस सुमारे १५ तासांचा होतो. महाराष्ट्रातील दिवसमानाचा चढ-उतार मंद असूनही मार्चमध्ये १२ तासांची मर्यादा ओलांडली जाताच भारिटाच्या शरीरात तयारी सुरू होते. उत्तरेकडे सरकताना दिवस अधिकाधिक मोठा होत जातो आणि ही तयारी वेग घेते.

या चक्राचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. वीण संपल्यावर दिवस अद्याप मोठे असतानाच पक्ष्याचे शरीर लांब दिवसांना प्रतिसाद देणे थांबविते व जननग्रंथी आक्रसतात. ही अप्रतिसादाची अवस्था दूर होऊन संवेदनक्षमता पुन्हा जागृत होण्यासाठी त्यास काही आठवडे लहान दिवस अनुभवावे लागतात. भारतातील हिवाळ्याचे लहान दिवस ही गरज पूर्ण करतात. अर्थात युरोपात मे महिन्यात ऐकू येणाऱ्या गाण्याची पूर्वतयारी डिसेंबर व जानेवारीत दख्खनच्या माळावर झालेली असते.

६. दख्खनमधील हिवाळा

पहिले थवे ऑगस्टच्या अखेरीस व सप्टेंबरमध्ये भारतात येऊ लागतात. त्या वेळी खरिपाची बाजरी कणसांवर आलेली असते. पुढे सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात रब्बी ज्वारी उभी राहते. चिकात आलेली कणसे, त्यानंतरचा हुरडा, फेब्रुवारी-मार्चमधील काढणी आणि खळ्याभोवती सांडलेले धान्य असा अन्नाचा क्रम या पक्ष्यास मिळत जातो. धान्याच्या जोडीने माळावरील गवतांचे आणि बांधावरील तणांचे बी हाही आहाराचा मोठा भाग असतो.

थव्यात शेकडो आणि कधी कधी हजारो पक्षी असतात. लाल डोक्याचे भारीट व चिमण्या त्यांत मिसळलेल्या आढळतात. सकाळी व सायंकाळी थवा शेतात उतरतो, उन्हाच्या वेळी बाभळीत विसावतो आणि रात्री काटेरी झाडांवर सामूहिक मुक्काम करतो. मार्चमध्ये निष्पर्ण बाभळीवर नरांचा थवा उतरला असता झाडास पिवळा बहर आल्याचा भास होतो.

यावरून एक बाब स्पष्ट होते. या पक्ष्यास केवळ शेत पुरेसे नाही आणि केवळ माळही पुरेसा नाही. धान्यासाठी शेत, तृणबीजांसाठी पडीक जमीन व गायरान, विश्रांती आणि सुरक्षिततेसाठी बाभूळ-बोरीची काटेरी झाडे आणि जवळपास पाण्याचा ओहोळ अशा मिश्र भूदृश्यावर त्याचा हिवाळा अवलंबून असतो. पारंपरिक कोरडवाहू शेतीने असे भूदृश्य शतकानुशतके राखले होते.

७. शेतकरी आणि भारीट

शेतकऱ्याचा या पक्ष्याविषयीचा राग निराधार नाही. चिकात आलेल्या ज्वारीवर मोठा थवा उतरल्यास नुकसान प्रत्यक्ष दिसते. त्यासाठीच शेतात माळा उभारून, गोफण फिरवून आणि डबे वाजवून राखण करण्याची प्रथा रूढ झाली. ही राखण घरातील मुले व वृद्ध करीत. मुले शाळेत जाऊ लागली, ही स्वागतार्ह गोष्ट घडली. मात्र राखणीसाठी मजूर लावणे कोरडवाहू शेतकऱ्यास परवडेनासे झाले. चकाकणाऱ्या फिती, बुजगावणी व आवाजाची साधने यांचा उपयोग काही दिवस होतो, नंतर पक्षी त्यांस सरावतात.

यातून एक दुष्टचक्र निर्माण होते. सिंचन पोहोचताच ज्वारीची जागा ऊस व अन्य नगदी पिके घेतात. ज्वारीचे क्षेत्र घटून ती तुकड्या-तुकड्यांत उरते. पूर्वी शेकडो एकरांवर विखुरणारा थवा आता मोजक्या शेतांवर एकवटतो. एकूण नुकसान तितकेच राहिले तरी एकेका शेतकऱ्याच्या वाट्याचा भार वाढतो आणि तोही ज्वारी सोडण्याच्या निर्णयास येतो. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. भरडधान्याच्या पुनरुज्जीवनाची चर्चा करताना पाखरांच्या राखणीचा हा खर्च विचारात घेणे अगत्याचे आहे. एका शिवारातील शेतकऱ्यांनी सलग क्षेत्रावर व एकाच सुमारास पेरणी करणे, तसेच चिकाच्या दोन-तीन आठवड्यांपुरती सामूहिक राखण करणे हे उपाय भार वाटून घेण्यास साहाय्यभूत ठरू शकतात.

माळरानाचा प्रश्न याहून गंभीर आहे. महसुली व नियोजनाच्या परिभाषेत गवताळ माळ बहुधा 'पडीक' जमिनीत गणला जातो. पडीक म्हणजे निरुपयोगी, असा समज एकदा रूढ झाला की त्यावर वृक्षारोपण, औद्योगिक वसाहत किंवा सौरप्रकल्प उभारणे हे विकासाचेच काम वाटते. वस्तुतः गवताळ माळ ही स्वतंत्र परिसंस्था असून तेथे दाट झाडी लावणे म्हणजे माळढोक, तणमोर, चंडोल व भारीट यांचे घर मोडणे होय. माळढोकासाठी सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले, तरी तेथील माळढोकांची संख्या रोडावत गेली. हे उदाहरण डोळ्यांसमोर आहे.

८. एका आप्ताची शोकांतिका

काळ्या डोक्याचा भारीट जागतिक पातळीवर आज संकटग्रस्त मानला जात नाही. मात्र विपुलता ही सुरक्षिततेची हमी नसते, हे त्याच कुळातील पिवळ्या छातीच्या भारिटाने दाखवून दिले आहे. फिनलंडपासून जपानपर्यंत वीण करणारा आणि आग्नेय आशियात हिवाळा घालविणारा हा पक्षी विसाव्या शतकात अतिशय विपुल होता. स्थलांतराच्या वाटेवर, विशेषतः चीनमध्ये, खाद्य म्हणून त्याची प्रचंड प्रमाणात पकड झाली. १९९७ मध्ये चीनने बंदी घातली, तरी चोरटा व्यापार चालू राहिला. १९८० ते २०१३ या काळात त्याची संख्या ८४ ते ९५ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निघाला. २००४ पूर्वी जागतिक लाल यादीत 'चिंता नसलेल्या' गटात असलेली ही जात २०१७ मध्ये 'अतिसंकटग्रस्त' गटात पोहोचली.

या उदाहरणातील बोध असा की थव्याने राहणारा पक्षी शेवटपर्यंत विपुल भासतो. उरलेले पक्षी मोजक्या ठिकाणी एकत्र येत असल्याने तेथील निरीक्षकास घट जाणवत नाही. ती जाणवण्यासाठी अनेक ठिकाणांच्या, अनेक वर्षांच्या साध्या पण नियमित नोंदी आवश्यक असतात.

९. समारोप

काळ्या डोक्याच्या भारिटाचे वर्ष मांडून पाहिले असता विणीच्या प्रदेशात सुमारे तीन महिने, प्रवासात काही आठवडे आणि भारतात सहा ते सात महिने अशी विभागणी दिसते. त्याच्या वर्षाचा सर्वांत मोठा भाग भारतात जातो, लांब दिवसांविषयीची संवेदना येथील लहान दिवसांत परत येते आणि परतीच्या उड्डाणाचे इंधन येथील दाण्यांतून साठते. युरोपातील द्राक्षमळ्यात घरटे सुरक्षित राहिले, परंतु दख्खनमध्ये माळ व ज्वारी उरली नाही, तर त्या सुरक्षिततेस अर्थ उरणार नाही. म्हणून या पक्ष्याच्या संरक्षणाची जबाबदारी जितकी ग्रीस व तुर्कस्तानची, तितकीच महाराष्ट्राचीही आहे.

या कामी ग्रामीण महाविद्यालयांची भूमिका मोलाची ठरू शकते. अनेक महाविद्यालये माळाच्या किंवा ज्वारीच्या शिवाराच्या कडेस वसलेली आहेत. दरवर्षी फेब्रुवारीत देशभर होणाऱ्या पक्षीगणनेत शैक्षणिक परिसरांसाठी स्वतंत्र उपक्रम असतो. त्यात सहभागी होऊन थवा प्रथम केव्हा आला, कोणत्या पिकावर उतरला, किती पक्षी होते आणि शेवटचा थवा केव्हा गेला, एवढ्या चार गोष्टी विद्यार्थ्यांनी दरवर्षी नोंदविल्या, तरी दहा वर्षांत महत्त्वाची माहिती हाती येईल. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यास त्यातून दीप्तिकालिता, भूगोलाच्या विद्यार्थ्यास भूमी-उपयोगातील बदल आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास कोरडवाहू शेतीचा हिशेब शिकता येईल. यासाठी महागड्या उपकरणांची आवश्यकता नाही. सप्टेंबर ते एप्रिल या काळात ठरावीक दिवशी शिवारात जाण्याची शिस्त मात्र आवश्यक आहे.